स्पॅनिशमधील राग, रुसवा आणि नाराजी: हे शब्द कसे शिकावेत?

शब्दवेल्हाळ

नमस्कार मंडळी,

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीत भावनांचे एक पान असतेच. डाव्या बाजूला त्रिस्ते (खिन्न), एन्फादादो (रागावलेला), फुर्योसो (भडकलेला), देसेप्स्योनादो (निराश) आणि उजव्या बाजूला त्यांचे इंग्रजी अर्थ. यादी पाठ होते, परीक्षेत जोड्याही जुळतात, परंतु घरमालकाने नळाची दुरुस्ती पुन्हा पुढच्या आठवड्यावर ढकलली की 'मी रागावलेली आहे' यापलीकडे तोंडातून काही निघत नाही. स्पॅनिशमध्ये नाराजी सांगताना विशेषणांपेक्षा क्रियापदांवर अधिक भिस्त असते, आणि त्या क्रियापदांची बैठक इंग्रजीपासून पुष्कळ दूर असली तरी मराठीच्या बरीच जवळ आहे. म्हणून हे शब्द इंग्रजीच्या वाटेने न शिकता थेट मराठीतून शिकावेत असे माझे मत आहे, आणि त्यावर चर्चा व्हावी यासाठी हा धागा काढला आहे.

लेखनाबद्दल एक खुलासा करते. सगळे स्पॅनिश शब्द देवनागरीत आणि लॅटिन अमेरिकेतील उच्चारांप्रमाणे लिहीत आहे. स्पेनच्या मोठ्या भागात यातील काही 'स' हे 'थ'च्या जवळ जातात. 'एनोखो' (राग) यातला 'ख' घशात घासून काढायचा असतो. त आणि द मात्र आपल्यासारखेच दंत्य असल्यामुळे तेथे आपल्याला वेगळे कष्ट नाहीत.

आता मुद्द्यावर येते. मराठीत आपण 'मला राग येतो', 'मला वाईट वाटते', 'मला खटकते' असे म्हणतो. ज्याच्या मनात भावना उठते तो माणूस या वाक्यांत कर्ता नसतो. त्याला आपण 'ला' लावून बाजूला बसवतो. स्पॅनिशचेही तसेच आहे. 'मे दा राब्या' म्हणजे शब्दशः 'मला राग देते'. 'मे मोलेस्ता' म्हणजे 'मला त्रास होतो, मला खटकते'. 'मे दुएले' म्हणजे 'मला दुखते', आणि हे गुडघ्याबद्दल जसे म्हणतात तसेच कोणाच्या बोलण्याबद्दलही म्हणतात. क्रियापद कशाप्रमाणे बदलते तेही पाहा. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' यात जसे आंब्याच्या वचनाप्रमाणे क्रियापद बदलते, तसेच 'मे मोलेस्ता एल रुईदो' (मला आवाजाचा त्रास होतो) आणि 'मे मोलेस्तान लोस रुईदोस' (मला आवाजांचा त्रास होतो) यांत बदलते. इंग्रजीच्या वळणाने शिकणाऱ्याला हे उलटे वाटते आणि त्यावर त्याचे कित्येक आठवडे जातात. आपल्याला ते उलटे वाटण्याचे कारणच नाही, पण वर्ग इंग्रजीतून चालत असल्यामुळे आपणही उगाच त्या वळशाने जातो.

दुसरी गोष्ट 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणे' क्रियापदांची. 'एस्तार एन्फादादो' म्हणजे 'रागावलेला असणे'. आपले '-लेला' हे रूप येथे चपखल बसते, कारण रागावणे घडून गेले आहे आणि त्याची अवस्था उरली आहे, हेच 'एस्तार' सांगते. स्वभावाने रागीट माणसासाठी मेक्सिकोत 'सेर'चे 'एस' हे रूप घेऊन 'एस एनोखोन' म्हणतात आणि स्पेनमध्ये 'त्येने माल खेन्यो'. 'एस्ता मोलेस्तो' म्हणजे तो वैतागलेला आहे आणि 'एस मोलेस्तो' म्हणजे तो माणूस हाच एक वैताग आहे. हा फरक मराठीत इतका स्वच्छ उतरतो की त्यासाठी वेगळा नियम पाठ करावा लागू नये.

नवशिकी

ताई, धागा फार उपयोगी आहे. माझा पहिलाच स्तर चालू आहे, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. 'रागावणे' यासाठी आमच्या पुस्तकात 'एन्फादार्से' आहे, तर मी ज्या मालिका पाहते त्यांत सगळे 'एनोखार्से' म्हणतात. यातले कोणते शिकावे? आणि 'मोलेस्तार' हा शब्द ऐकताच मला संकोच वाटतो, कारण इंग्रजीतला त्याच्यासारखा दिसणारा शब्द फार वाईट अर्थाचा आहे. तो चारचौघांत वापरावा का?

कोथरूडकर

मी पुण्यात एका मेक्सिकन ग्राहक कंपनीचे काम पाहतो, म्हणजे लोकांच्या तक्रारी स्पॅनिशमधून वाचणे हाच माझा दिवसभराचा उद्योग आहे. तेव्हा नवशिकी यांच्या प्रश्नांना मी उत्तर देतो.

स्पेनमध्ये 'एन्फादार्से' आणि लॅटिन अमेरिकेत 'एनोखार्से' असे ढोबळमानाने समजावे. दोन्हीकडे दोन्ही शब्द समजतात, पण मेक्सिकोत 'एन्फादादो' म्हटले की माणूस स्पेनहून आला आहे असे वाटते, आणि पश्चिम मेक्सिकोच्या काही भागांत तर 'मे एन्फादा' म्हणजे 'मला कंटाळा येतो' असा अर्थ होतो. त्यामुळे ज्या देशाशी संबंध येणार आहे तेथील शब्द तोंडात बसवावा आणि दुसरा ओळखता यावा, इतके पुरे आहे. 'मोलेस्तार'बद्दल संकोच बाळगू नका. हॉटेलच्या खोलीच्या दारावर लटकवायच्या पाटीवर 'नो मोलेस्तार' असेच छापलेले असते आणि तिचा अर्थ 'व्यत्यय आणू नये' एवढाच आहे. 'ले मोलेस्ता सी आब्रो ला वेन्ताना?' म्हणजे 'मी खिडकी उघडली तर आपल्याला त्रास होईल का?' हा उलट शिष्टाचाराचा प्रश्न आहे.

मेक्सिकोची खास देणगी म्हणजे 'कोराखे'. स्पेनमध्ये या शब्दाचा पहिला अर्थ धैर्य किंवा जिद्द असा घेतला जातो. मेक्सिकोत 'मे दा कोराखे' म्हणजे 'माझी चिडचिड होते' आणि 'आसेर कोराखे' म्हणजे 'आतल्या आत संताप करून घेणे'. याच अर्थाने तेथे 'आसेर बीलिस' असेही म्हणतात. बीलिस म्हणजे पित्त. फार संताप करून घेतला की पित्त उसळते आणि माणूस आजारी पडतो, अशी तेथील जुन्या लोकांची समजूत आहे. आपल्याकडे पित्त खवळते, त्यांच्याकडेही खवळते. हा वाक्प्रचार मला शिकवावा लागला नाही. जाता जाता सांगतो, 'ला कोलेरा' म्हणजे क्रोध आणि 'एल कोलेरा' म्हणजे पटकी. दोन्हींचे मूळ पित्तासाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे आणि फरक फक्त लिंगाचा आहे, तेव्हा उपपद जपून वापरावे. 'मोन्तार एन कोलेरा', म्हणजे संतापाने पेटून उठणे, यात मात्र उपपद येत नाही.

'पेना'चे मात्र भान ठेवा. स्पेनमध्ये 'मे दा पेना' म्हणजे 'मला वाईट वाटते, कीव येते'. मेक्सिकोत आणि कोलंबियात त्याचा अर्थ बहुधा 'मला लाज वाटते, संकोच वाटतो' असा होतो. कोलंबियातला माणूस 'के पेना कोन उस्तेद' म्हणतो तेव्हा तो तुमची कीव करत नसून दिलगिरी व्यक्त करत असतो.

ऱ्हस्वदीर्घ

धागाकर्त्या बाईंचा मूळ मुद्दा मला मान्य आहे. मी बरीच वर्षे ही भाषा शिकवतो आणि 'मला आवडते'वरून 'मे गुस्ता' समजावतो, तेव्हा वर्गाला ते चटकन कळते. परंतु मराठीचा आधार कोठे सोडावा हेही या धाग्यात यायला हवे, नाहीतर एक काठी टाकून दुसरी घेतल्यासारखे होईल.

पहिली अडचण 'वर' या शब्दयोगी अव्ययाची. आपण कोणावर तरी रागावतो, म्हणून विद्यार्थी 'वर' या अर्थाचे 'सोब्रे' लावून मोकळे होतात. स्पॅनिशमध्ये माणसासाठी 'कोन' लागते, म्हणजे आपले 'शी' किंवा 'बरोबर', आणि कारणासाठी 'पोर'. 'मे एन्फादे कोन मी एर्मानो पोर एल दिनेरो', म्हणजे पैशांवरून मी भावावर रागावलो. येथे 'रागावणे' न आठवता 'भांडणे' आठवावे. भावाशी भांडलो, पैशांवरून भांडलो, असे म्हटले की 'कोन' आपोआप सुचते. 'केखार्से' (तक्रार करणे) आणि 'एस्तार आर्तो' (विटलेला असणे) यांच्यापुढे मात्र 'दे' येते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. मराठीत 'आई माझ्यावर रागावली' आणि 'आई मला रागावली' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात राग आहे आणि दुसऱ्यात बोलणी खाणे आहे. दुसरे वाक्य सांगायचे असताना विद्यार्थी 'मी माद्रे मे एन्फादो' असे म्हणतात. त्याचा अर्थ 'आईने मला राग आणला' असा होतो, म्हणजे रागावलेला माणूसच बदलतो. बोलणी खाण्यासाठी 'रेगान्यार' हे क्रियापद आहे. स्पेनमध्ये 'मे एचो उना ब्रोंका' असेही बोलतात.

तिसरा प्रश्न 'सुब्खुन्तीवो'चा, म्हणजे भावना किंवा इच्छा सांगताना येणाऱ्या क्रियापदाच्या वेगळ्या रूपाचा. 'मे मोलेस्ता के' यापुढे क्रियापदाचे साधे रूप चालत नाही. 'मे मोलेस्ता के येगास तार्दे' हे चूक असून 'मे मोलेस्ता के येगेस तार्दे' असे म्हणावे लागते. 'तू उशिरा येतोस याचा मला त्रास होतो' या मराठी वाक्यात 'येतोस' हे साधे वर्तमानकाळी रूप आहे, तेव्हा येथे मराठीचा काही उपयोग होत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

शब्दवेल्हाळ

ऱ्हस्वदीर्घ सर, 'वर' आणि 'कोन'बद्दल आपण सांगितलेली 'भांडणे'ची युक्ती फारच चांगली आहे. मात्र तिसऱ्या मुद्द्यावर मी सहमत नाही, आणि तेथेच मराठीचा सर्वांत मोठा उपयोग आहे असे मला वाटते.

'तू उशिरा येतोस याचा त्रास होतो' हे वाक्य मराठीत बरोबर आहे, परंतु आपल्याकडे आणखी एक रचना आहे: 'त्याने माझ्याशी असे बोलावे, याचे मला वाईट वाटते.' 'शिकल्यासवरलेल्या माणसाने असे वागावे, याचा राग येतो.' या वाक्यांतला माणूस तसे बोललेला आहे, वागलेलाही आहे. घटना घडून गेली आहे याविषयी बोलणाऱ्याला शंका नाही. तरीही आपण 'बोलला' न म्हणता 'बोलावे' असे विध्यर्थी रूप घेतो, कारण बातमी देण्याचा हेतू नसून घडलेल्या गोष्टीकडे मनाने कसे पाहिले हे सांगायचे असते. स्पॅनिश 'सुब्खुन्तीवो' भावनेच्या वाक्यांत नेमके हेच काम करतो. 'मे दुएले के आब्लेस आसी' म्हणजे 'तू असे बोलावेस, याचे मला दुःख होते'. 'मे दा राब्या के मे म्येन्तास' म्हणजे 'तू माझ्याशी खोटे बोलावेस, याचा मला राग येतो'. 'खात्री नसेल तर सुब्खुन्तीवो' हा पुस्तकातला नियम येथे विद्यार्थ्याला गोंधळात टाकतो, कारण समोरचा खोटे बोलला याची तर पक्की खात्री असते आणि म्हणूनच राग आलेला असतो. आपले 'बोलावे' डोळ्यांसमोर ठेवले तर तो गोंधळ होत नाही.

फरक इतकाच की मराठीत ही रचना ऐच्छिक आणि थोडी भारदस्त आहे, तर स्पॅनिशमध्ये ती सक्तीची आहे आणि शाळकरी मुलेही ती सहज वापरतात.

याला जोडून 'स्येन्तो के' पाहण्यासारखे आहे. 'स्येन्तो के एस्तास एन्फादादो' म्हणजे 'तू रागावलेला आहेस असे मला वाटते' आणि 'स्येन्तो के एस्तेस एन्फादादो' म्हणजे 'तू रागावलेला असावास, याचे मला वाईट वाटते'. एका स्वराच्या फरकाने अंदाजाची दिलगिरी होते. मराठीत दोन्हींकडे 'वाटणे' हेच क्रियापद आहे.

ब्वेनोस_आयरेसहून

विध्यर्थाचा मुद्दा वाचून येथील एक घोषणा आठवली. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनात बँकांतून पैसे काढण्यावर निर्बंध आले, १९ तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो दे ला रुआ यांनी आणीबाणीसदृश स्थिती जाहीर केली, आणि लोक घराघरांतून पातेली बडवत रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. त्या दिवसांतली घोषणा होती, 'के से वायान तोदोस'. 'सगळ्यांनी चालते व्हावे' असे तिचे सरळ मराठी होते. हाही सुब्खुन्तीवोच आहे. पातेली बडवण्याच्या या निदर्शनाला 'कासेरोलासो' म्हणतात, कारण 'कासेरोला' म्हणजे पातेले. चिलीत १९७१ मध्येच गृहिणींनी रिकामी भांडी घेऊन मोर्चा काढला होता, त्यामुळे ही रीत केवळ अर्जेंटिनाची नाही.

शब्दांबद्दल सांगायचे तर येथे 'मे दा ब्रोंका' हे सर्रास ऐकू येते आणि त्याचा अर्थ 'मला राग येतो, चीड येते' असा आहे. ऱ्हस्वदीर्घ यांनी सांगितल्याप्रमाणे स्पेनमध्ये 'ब्रोंका' म्हणजे खरडपट्टी किंवा आरडाओरड्याचे भांडण. मेक्सिकोत 'ब्रोंका' म्हणजे कटकट, अडचण. म्हणजे तोच शब्द तीन देशांत तीन प्रसंगी उपयोगी पडतो. येथे 'कालेन्तार्से', म्हणजे शब्दशः तापणे, हेही रागावण्यासाठी वापरतात, परंतु त्याचा एक शृंगारिक अर्थही असल्यामुळे नवख्याने ते टाळलेले बरे. व्हेनेझुएलातील 'आर्रेचो' या शब्दाचीही तीच गत आहे. तेथे तो 'संतापलेला' या अर्थाने रोज वापरला जातो आणि शेजारच्या कोलंबियात त्याचा अर्थ भलताच होतो. कोलंबिया आणि कॅरिबियन भागात 'एस्तार ब्रावो' हे रागावलेल्या माणसासाठी निर्धोक आहे. आपण नाट्यगृहात 'ब्राव्हो' म्हणतो त्याच्याशी त्याची गल्लत होऊ देऊ नये.

मांडवीकाठ

आमच्या घरी आजोबांच्या पिढीपर्यंत पोर्तुगीज बोलली जात असे, आणि मी ती पुढे रीतसर शिकले. गोव्यातली अनेक मुले पोर्तुगीजवरून स्पॅनिशकडे वळतात, तेव्हा त्यांच्यासाठी एक वेगळा खड्डा आहे. पोर्तुगीजमध्ये 'नोजु' म्हणजे किळस. त्यामुळे स्पॅनिश 'एनोखो' वाचले की आमच्या मनात प्रथम मळमळ येते, आणि तो शब्द तर राग सांगत असतो. पोर्तुगीजमध्ये रागावलेल्याला 'झांगादु' म्हणतात. तो शब्द स्पॅनिशमध्ये नेऊन चालत नाही.

याच्या उलट 'दिस्गुस्तो'ने इंग्रजीवाल्यांना चकवा बसतो आणि आम्ही वाचतो. इंग्रजीवरून येणाऱ्यांना तो किळसेचा शब्द वाटतो, परंतु स्पॅनिशमध्ये किळस म्हणजे 'आस्को' आणि 'दिस्गुस्तो' म्हणजे मनाला लागलेला धक्का, दुःख, मनस्ताप. पोर्तुगीजमधला 'देझ्गोश्तु'ही दुःखाचाच असल्यामुळे आमची दिशा चुकत नाही. 'मे येवे उन दिस्गुस्तो' म्हणजे 'मला फार मनस्ताप झाला'. 'मे वास आ मातार आ दिस्गुस्तोस' असे स्पॅनिश आई म्हणते, तेव्हा आपल्याकडची आई 'तू माझ्या जिवाला घोर लावला आहेस' असे म्हणते. दोघींचा स्वरही बहुधा तोच असतो.

नवशिकी

आता माझी वही नव्याने लिहावी लागणार असे दिसते. सर आणि ताई, आणखी एक विचारायचे आहे. आपल्याकडे राग वेगळा आणि रुसवा वेगळा. रुसलेल्या माणसाला समजूत काढून हवी असते. स्पॅनिशमध्ये रुसणे कसे सांगतात? आणि राग अनावर झाल्यावर वापरायचे वाक्प्रचारही कोणी सांगितले तर बरे होईल. शिव्या नकोत, वर्गात बोलता येईल असे काही हवे आहे.

शब्दवेल्हाळ

रुसण्याच्या सर्वांत जवळ जाणारे क्रियापद 'एन्फुर्रुन्यार्से'. उच्चारताना ओठांचा चंबू होतो, त्यामुळे ते विसरणे कठीण आहे. मुलाने गाल फुगवून कोपऱ्यात जाऊन बसावे तसा हा राग असतो. स्पेनमध्ये 'एस्तार दे मोर्रोस' असेही म्हणतात. 'मोर्रो' म्हणजे जनावराचे नाकतोंड, म्हणजेच आपले 'तोंड फुगवून बसणे'. मूल जमिनीवर लोळून थयथयाट करू लागले तर स्पेनमध्ये 'राब्येता' आणि लॅटिन अमेरिकेत अधिक करून 'बेर्रींचे' म्हणतात. पण आपल्या रुसव्यात हक्क असतो आणि मनधरणीची वाट पाहणे असते. तेवढे एका शब्दात सांगणारे स्पॅनिशमध्ये मला काही सापडलेले नाही. तेथे मनधरणी करणाराच ते वाक्यातून सांगतो: 'नो ते एन्फादेस कोन्मीगो', माझ्यावर रागावू नकोस, किंवा 'नो ते पोंगास आसी', असे करू नकोस गं.

'पोंगास' आले आहे म्हणून 'पोनेर्से'बद्दल दोन शब्द लिहिते. मनःस्थिती अचानक पालटली की स्पॅनिश माणूस 'झाला' या अर्थाने 'पोनेर्से' वापरतो. 'से पुसो त्रिस्ते', तो खिन्न झाला; 'मे पुसे फुर्योसा', मी भडकले. बदल होऊन माणूस त्याच अवस्थेत राहिला तर 'केदार्से' येते, जसे 'से केदो एलादो', तो थिजून राहिला. येथेही आपले 'झाला' आणि 'राहिला' मदतीला येतात.

वाक्प्रचारांत मला सर्वांत आवडतो तो 'साकार दे कीस्यो'. 'कीस्यो' म्हणजे दाराची चौकट जेथे बिजागरीला धरते तो भाग. कोणी तुम्हाला इतके छळले की तुमचे दारच बिजागरीतून निखळले, तर 'मे साका दे कीस्यो'. 'पेर्देर लोस एस्त्रीबोस' म्हणजे रिकिबीतून पाय सुटणे, म्हणजेच तोल जाणे. घोडेस्वारांची भाषा येथे अजून टिकून आहे. 'पोनेर एल ग्रीतो एन एल स्येलो', ओरडून आकाश गाठणे, याच्यासाठी आपले 'आकाशपाताळ एक करणे' तयारच आहे. 'एस्तोय आस्ता ला कोरोनीया' म्हणजे डोक्याच्या टाळूपर्यंत आले आहे, आता पुरे. स्पेनमध्ये नाकापर्यंत आले अशा अर्थाने 'आस्ता लास नारीसेस' असेही म्हणतात. त्याहून खालच्या अवयवांपर्यंत जाणारी रूपेही आहेत, ती वर्गात नकोत.

रोजच्या बोलण्यासाठी मात्र या सगळ्यांहून एक साधे क्रियापद अधिक उपयोगी आहे. स्पेनमध्ये 'मे सेन्तो माल लो के दिखो' म्हणजे 'तो जे बोलला ते मला रुचले नाही, लागले'. जेवण बाधले तरी हेच क्रियापद वापरतात. 'मे सेन्तो माल ला सेना', रात्रीचे जेवण मानवले नाही. आपल्याकडेही अन्न आणि बोलणे दोन्ही पचनी न पडण्याची सोय आहेच. मैत्रीत नाराजी सांगायची असेल, नाते तुटू द्यायचे नसेल, तेव्हा 'एस्तोय एन्फादादा' म्हणण्यापेक्षा 'मे सेन्तो माल' म्हणणे मला जास्त शहाणपणाचे वाटते, कारण त्यात आरोप समोरच्यावर न जाता त्या एका बोलण्यावर राहतो. 'काब्रेआदो' हा शब्दही स्पेनमध्ये पावलोपावली ऐकू येतो. तो 'खवळलेला' या अर्थाचा आणि बोलीतला आहे. मित्रांत चालतो, कचेरीच्या पत्रात चालत नाही.

कोथरूडकर

कचेरीच्या पत्राचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण पुण्यात स्पॅनिशवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना राग लेखीच भेटतो.

लेखी स्पॅनिशमध्ये माणूस रागावलेला नसतो. तेथे 'देस्कोन्तेन्तो' (असमाधान), 'मालेस्तार' (अस्वस्थता, नाराजी) आणि 'दिस्कोन्फोर्मिदाद' (असहमती) असते. 'मालेस्तार' हा शब्द अंगात कसर असल्याबद्दलही वापरतात, म्हणून पत्राच्या सुरुवातीला तो दिसला की लेखक आजारी आहे असे समजू नये. आमच्याकडे नव्याने आलेली मुले हे शब्द वाचून ग्राहक फारसा चिडलेला नाही असे अनुमान काढतात. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. भाषा जितकी थंड, तितके प्रकरण वकिलाच्या जवळ गेलेले असते.

'केखा' आणि 'रेक्लामास्योन' यांतला भेदही ओळखावा. पहिल्यात नाराजी नोंदवली जाते आणि दुसऱ्यात काहीतरी परत मागितले जाते. पेरूमध्ये हा भेद थेट कायद्याच्या अंमलबजावणीत उतरला आहे. २०१० च्या ग्राहक संरक्षण संहितेनुसार तेथे लोकांसाठी खुल्या असलेल्या व्यवसायांना 'लीब्रो दे रेक्लामास्योनेस', म्हणजे तक्रारवही, ठेवावी लागते. तिच्या छापील पानावर ग्राहकाने 'रेक्लामो' की 'केखा' हे निवडायचे असते. वस्तू किंवा सेवेबद्दल असहमती असेल तर पहिले, आणि मिळालेल्या वागणुकीबद्दल 'मालेस्तार' किंवा 'देस्कोन्तेन्तो' असेल तर दुसरे, असे तेथेच स्पष्ट केलेले असते. म्हणजे आपण येथे ज्या शब्दांची चर्चा करत आहोत तेच त्या पानावर छापलेले आहेत. स्पेनमध्ये अशा वहीऐवजी 'ओखा दे रेक्लामास्योनेस' नावाचा अर्ज असतो आणि तो मागितल्यास उपलब्ध आहे अशी पाटी दुकानांत, उपाहारगृहांत दिसते.

नवशिकी

मग असे पत्र कसे लिहावे? समजा, मागवलेली वस्तू मोडकी आली आणि पैसे परत हवे आहेत.

कोथरूडकर

सुरुवातीला 'मुय सेन्योरेस मीओस' आणि त्यापुढे स्वल्पविराम न देता अपूर्णविराम. मग 'मे दिरीखो आ उस्तेदेस पारा मानिफेस्तार मी दिस्कोन्फोर्मिदाद कोन एल प्रोदुक्तो रेसिबीदो', म्हणजे 'मिळालेल्या वस्तूबद्दलची माझी असहमती व्यक्त करण्यासाठी मी आपणांस लिहीत आहे'. त्यानंतर काय घडले ते तारखेसह साध्या भूतकाळात सांगावे आणि तेथे भावनेचा एकही शब्द घालू नये. शेवटी 'लेस रुएगो के मे देवुएल्वान एल इम्पोर्ते', म्हणजे 'आपण रक्कम परत करावी ही विनंती', आणि 'आतेन्तामेन्ते' लिहून सही.

ऱ्हस्वदीर्घ

नमुना चांगला आहे. शब्दवेल्हाळ बाईंचा विध्यर्थाचा मुद्दाही येथे पुन्हा दिसतो, कारण 'देवुएल्वान' आणि 'परत करावी' एकाच ठिकाणी आले आहेत. सक्तीच्या सुब्खुन्तीवोसाठी यापुढे मीही वर्गात 'त्याने असे बोलावे' हेच वाक्य घेईन. ते मला सोयीचे वाटले.

एक भर घालतो. त्या पत्रातल्या घटनावर्णनात नाराजी आणायचीच असेल तर 'लामेन्तो के' हे शब्द वापरावेत: 'लामेन्तो के नादी आया रेस्पोन्दीदो आ मिस मेन्साखेस', म्हणजे 'माझ्या निरोपांना कोणीही उत्तर दिलेले नसावे, याचा मला खेद वाटतो'. रागाची धार कमी होत नाही आणि वाक्य सभ्यही राहते. 'इन्दिग्नादो' हा शब्द मात्र राखून ठेवावा. १५ मे २०११ रोजी माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातून जे आंदोलन पसरले त्यातील लोकांना 'लोस इन्दिग्नादोस' म्हणत, आणि त्या शब्दात आजही अन्यायाविरुद्धच्या संतापाचे वजन आहे. मोडक्या मिक्सरसाठी 'दिस्कोन्फोर्मिदाद' पुरेशी आहे.